छज्ज्याची सळई वरच का असते?

*पत्र*

मॅडम, मी लातूर जिल्ह्यातली. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडला कॉम्प्युटरची आशा होती, पण पर्सेंटाइल कमी पडला आणि सिव्हिल मिळालं. मुलींची फी माफ झाली म्हणून अण्णा पाठवायला तयार झाले. आता दुसऱ्या वर्षाला आहे. तिसऱ्या सेमला बाकी सगळे विषय निघाले, सॉम (स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, म्हणजे भाराखाली वस्तू कशा ताणतात, वाकतात तो विषय) राहिला. सर्व्हेइंग आवडतं, लेव्हलचं फील्डबुक माझंच सगळे उतरवून घेतात. पण सॉमच्या तासाला बोर्डावर नुसती समीकरणं असतात आणि ती कशाची आहेत तेच कळत नाही.

अण्णा गवंडी आहेत. भूकंपानंतर किल्लारीकडच्या पुनर्वसनाच्या कामावर सोळाव्या वर्षी बिगारी म्हणून लागले, आता स्वतः छोटी घरं बांधायला घेतात. कॉलेजात मी ते कॉन्ट्रॅक्टर आहेत असं सांगून ठेवलंय. ते म्हणतात, 'मी जन्म उन्हात काढला. तूपण उन्हातच उभी राहणार असशील तर शिकून काय केलंस?' कॉम्प्युटरच्या मैत्रिणी आतापासून पॅकेजबद्दल बोलतात. एक क्लासवाला ईटॅब्स आणि रेव्हिट या सॉफ्टवेअरचे पंचेचाळीस हजार मागतोय. सिव्हिल सोडू का? की डिग्री घेऊन, पायथन शिकून आयटीत जाऊ? की एमपीएससी करू? आणि हसू नका, पण साइटवर जायचं तर मुलीने काय घालून जावं?

— सॉममध्ये अडकलेली

*उत्तर*

सिव्हिल सोडू नकोस. निदान एका विषयाच्या बॅकसाठी आणि मैत्रिणींच्या पॅकेजसाठी तरी नको. पुढे कधी सोडावंसं वाटलं तर सोडायला मोकळी आहेस, पण अजून तू हे शिक्षण नीट पाहिलेलंच नाहीस. तुझ्या पत्रात सॉम एका परिच्छेदात आहे आणि अण्णा दुसऱ्या. ते एकाच परिच्छेदात यायला हवे होते.

आज संध्याकाळी अण्णांना एक प्रश्न विचार. खोलीच्या स्लॅबची मुख्य सळई खाली असते, मग छज्ज्याची वर का? ते सांगतील की ती वरच असते, खाली टाकली तर छज्जा पडतो. बहुधा कुठे पडलेला पाहिलाही असेल त्यांनी. त्यांचं उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. त्यामागचं कारण मात्र तुझ्या सॉमच्या पुस्तकात आहे, त्याच प्रकरणात, जे तुला नुसती समीकरणं वाटतं.

एक मोठा खोडरबर किंवा स्पंजचा तुकडा घे. त्याच्या कडेवर पेनाने सारख्या अंतराने उभ्या रेघा मार. दोन्ही टोकांखाली काडेपेटी ठेव आणि मधोमध बोटाने दाब. खालच्या बाजूला रेघा एकमेकींपासून लांब जातात, वरच्या बाजूला जवळ येतात. म्हणजे खाली ताण, वर दाब. आता एक टोक टेबलावर घट्ट धरून दुसरं हवेत सोड आणि ते टोक खाली दाब. रेघा आता वरच्या बाजूला फाकतात. काँक्रीट दाब उत्तम घेतं, ताण जवळजवळ घेतच नाही. म्हणून जिथे रेघा फाकतात तिथे सळई लागते. दोन टेकूंवरच्या स्लॅबमध्ये ती जागा मधल्या भागात खाली आणि छज्ज्यात भिंतीजवळ वर. बेंडिंग मोमेंट (वाकवणारा जोर) डायग्राममध्ये प्लस-मायनस म्हणून जे पाठ करायला लावतात ते एवढंच आहे. (हा खेळ पहिल्याच तासाला वर्गात का दाखवत नाहीत, याचं समाधानकारक उत्तर मला अनेक वर्षं शिकवूनही सापडलेलं नाही. खोडरबर पाच रुपयांना मिळतो.)

आता याच छज्ज्यावर एक गणित. दोन फूट म्हणजे साधारण ०.६ मीटर बाहेर आलेला छज्जा धर, जाडी १०० मिलिमीटर. आरसीसीचं वजन घनमीटरला २५ किलोन्यूटन धरतात, म्हणजे नुसत्या काँक्रीटचे चौरस मीटरला २.५. वरचा गिलावा आणि कधीमधी चढणारा माणूस धरून एकूण ४ घे. कँटिलिव्हरचा (एकाच बाजूला धरलेल्या छज्ज्याचा) मोमेंट डब्ल्यूएल स्क्वेअर बाय टू, म्हणजे भार गुणिले लांबीचा वर्ग भागिले दोन, म्हणजे ०.७२ किलोन्यूटन-मीटर, प्रत्येक मीटर रुंदीला. आता घरमालक येतो आणि म्हणतो, 'मिस्त्री, अजून दोन फूट बाहेर काढा, गॅलरी होईल.' हे वाक्य अण्णांनी किती वेळा ऐकलंय ते त्यांनाच विचार. लांबी दुप्पट झाली. मोमेंट झाला २.८८, म्हणजे चौपट, आणि टोकाचा झुकाव सोळापट, कारण तिथे लांबीचा चौथा घात येतो. वर गॅलरीत माणसं उभी राहणार, कठडा येणार, तो भार अजून धरलेलाच नाही. मालकाला 'नाही' म्हणायला अण्णांकडे अनुभव आहे, पण मालक ऐकत नाही, कारण अनुभव कागदावर दिसत नाही. तुझ्याकडे कागद आहे.

आणखी एक. छज्ज्याची सळई बांधताना वर असते, पण काँक्रीट टाकताना घमेलं घेतलेली माणसं तिच्यावरून चालतात आणि ती खाली दबते. १०० मिलिमीटरच्या छज्ज्यात वरून २० मिलिमीटर कव्हर सोडून ८ ची सळई असेल, तर तिच्या मध्यापासून तळापर्यंतचं अंतर ७६ मिलिमीटर, आणि ताकद याच अंतरावर ठरते. पाय पडून ती ४० मिलिमीटर दबली तर उरले ३६. तेवढ्याच सळईत छज्ज्याची ताकद अर्ध्याहून कमी झाली आणि बाहेरून कुणाला काही दिसलं नाही. म्हणून खाली चेअर (सळई उचलून धरणारे छोटे पाय) लावायच्या आणि स्लॅब भरताना कुणीतरी तिथे उभं राहून ओरडायचं. ते ओरडणारं माणूस म्हणजे साइट इंजिनिअर.

बीमच्या रिंगांकडेही असंच बघ. कॉलमजवळ त्या जवळजवळ असतात, मधे विरळ. तुझ्या शिअर फोर्स (कापणारा जोर) डायग्राममध्ये टेकूपाशी आकडा सगळ्यात मोठा आणि मध्याकडे शून्य होत जातो, तीच रिंगांची मांडणी. सळईचं वजन काढायला अण्णा व्यासाचा वर्ग भागिले १६२ करत असतील, बाराची सळई मीटरला ८८९ ग्रॅम. हे १६२ कुठून आलं, ते पोलादाची घनता ७८५० किलो धरून तू पाच ओळींत काढून दाखवू शकतेस. दाखव. आणि लॅबमध्ये यूटीएमवर (ताकद तपासायच्या यंत्रावर) सळई ओढतात तेव्हा ग्राफ उतरवून घेण्यापुरतं बघू नकोस. एफई ५०० प्रतीची बाराची एक सळई कायमची ताणली जायला लागण्याआधी साडेपाच टनांहून जास्त ओढ सहन करते. ज्या सळया अण्णा खांद्यावर वाहून नेतात, त्यांच्याबद्दल हा आकडा त्यांना कुणी सांगितला नसेल.

परीक्षेचं बोलू, कारण बॅक शेवटी परीक्षेतच निघते. सॉमचं कुठलंही गणित हातात घेतलंस की आधी कॅल्क्युलेटर बाजूला ठेव. बीम काढ, टेकू काढ, भार काढ. मग तो बीम वाकल्यावर कसा दिसेल ती वक्र रेघ हाताने काढ, चुकली तरी चालेल. जी बाजू ताणली जाते ती लाल पेनाने गिरव. हे झाल्याशिवाय रिअ‍ॅक्शनसुद्धा काढायच्या नाहीत. मग गणित कर आणि बेंडिंग मोमेंटचं प्लस-मायनस चिन्ह लाल रेघेशी जुळतं का पाहा. जुळलं नाही तर उत्तर तपासायला मागे जा. मुलं सॉममध्ये नापास होतात ती बहुतेक वेळा चिन्हांच्या घोळात आणि एककांच्या घोळात. न्यूटन-मिलिमीटर आणि किलोन्यूटन-मीटर यांच्यात दहाचा सहावा घात आहे. तो विसरला की छज्जा उचलायला जेसीबी लागेल असं उत्तर येतं आणि मूल ते शांतपणे पेपरात लिहून येतं. शिअर-मोमेंट डायग्राम, बेंडिंग स्ट्रेस आणि शिअर स्ट्रेस पक्के झाले की टॉर्शन आणि मोहर सर्कल त्यामानाने लवकर उरकतात. जुने पेपर घड्याळ लावून सोडव. बॅक पुढच्या संधीलाच काढ, कारण कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या अॅक्टिव्ह बॅकलॉग असलेल्याला बसूच देत नाहीत. शिवाय स्ट्रक्चरल अनॅलिसिस आणि आरसीसी डिझाइन हे दोन्ही सॉमच्या डोक्यावर उभे आहेत. तो कच्चा राहिला तर तिसऱ्या वर्षी एका विषयाचे तीन होतील.

किल्लारीचं तू एका ओळीत लिहून सोडून दिलंस. माझ्या मते तुझ्या पत्रातली सगळ्यात मोठी ओळ तीच आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला तो भूकंप झाला. तीव्रता सुमारे ६.२. जगात यापेक्षा कितीतरी मोठे भूकंप होतात आणि काही ठिकाणी मोजकीच माणसं दगावतात. इथे जवळपास दहा हजार माणसं गेली. झोपेची वेळ होती हे खरंच, पण माणसं मेली ती घरांखाली. तुझ्याकडची जुनी घरं आठव. दोन-अडीच फूट जाड दगडी भिंती, आतून आणि बाहेरून दगडांचे दोन वेगळे थर, मधे दगडांचा चुरा आणि माती, जोडायला मातीचाच गारा. वर माळवद, लाकडी तुळयांवर फूट-दीड फूट माती. उन्हाळ्यात गारवा द्यायला याहून चांगलं घर नाही. पण भूकंपात जमीन आडवी हलते आणि जितकं वजन जास्त तितका आडवा धक्का जास्त. छत जड, आणि भिंतीचे दोन थर एकमेकांना बांधलेले नाहीत. आतला थर आत कोसळला, बाहेरचा बाहेर, आणि माळवद सरळ खाली आलं. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठरावीक अंतरावर घातले असते, दाराच्या वरच्या पातळीला घराभोवती आरसीसीचा एक सलग पट्टा फिरवला असता, तर त्याच दगडांची पुष्कळ घरं उभी राहिली असती, निदान माणसं बाहेर पडेपर्यंत. त्या वेळच्या नकाशावर हा भाग झोन एकमध्ये होता, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा. आयएस १८९३ (भूकंपाबद्दलचं भारतीय मानक) च्या २००२ च्या आवृत्तीत झोन एक हा प्रकारच काढून टाकला आणि किल्लारीचा पट्टा झोन तीनमध्ये आला.

तू त्या जिल्ह्यातली आहेस आणि अण्णांनी हाताने काम शिकायला सुरुवात केली ती त्या ढिगाऱ्यांनंतरच्या घरांवर. भूकंपरोधक बांधकाम हा विषय ज्या वर्षी तुझ्या अभ्यासक्रमात येईल त्या वर्षी वर्गातल्या बाकीच्यांसाठी तो पाच युनिट असेल. तेव्हा अण्णांच्या साइटवर जाऊन कॉलमच्या रिंगेचा हूक बघ. बहुतेक ठिकाणी तो काटकोनात वळवलेला असतो, कारण तसा वळवायला सोपा. आयएस १३९२० सांगतं की हूक १३५ अंशांत वळवून कॉलमच्या पोटात घुसवा. कारण जोराच्या हादऱ्यात बाहेरचं कव्हर निखळतं, काटकोनी हूक उघडतो आणि रिंग काही धरून ठेवत नाही. या एका वाकवण्याला पैसे जवळजवळ लागत नाहीत. अण्णांना हे माहीत असेल तर तू त्यांच्याकडून शिकशील, नसेल तर ते तुझ्याकडून. मला दुसरी शक्यता जास्त आवडेल, पण पहिलीवर पैज लावेन.

आता त्यांचं ते उन्हाचं वाक्य. त्याला वाद घालून उत्तर देऊ नकोस. त्यात त्यांची पाठदुखी आहे आणि मालकांनी बुडवलेले पैसे आहेत. सिव्हिलमध्ये ऊन आहेच, मी खोटं सांगणार नाही. पण सगळं सिव्हिल म्हणजे स्लॅबवर उभं राहणं, हे त्यांना वाटतं कारण त्यांनी तेवढंच पाहिलंय. डिझाइन ऑफिस आहे, मातीची आणि काँक्रीटची तपासणी करणाऱ्या लॅब आहेत, बिलिंग आणि क्वांटिटीचं काम आहे, ज्यात मोजमापं चोख असणारी माणसं कायम कमी पडतात आणि तुझं फील्डबुक सगळा वर्ग उतरवतो. पाण्याचं काम आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, तेव्हा तू दहा-अकरा वर्षांची असशील. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, नंतर पन्नास वाघिणींच्या गाड्या धावल्या, एका खेपेला सुमारे पंचवीस लाख लिटर. शहराची रोजची गरज, धरणातला साठा, गळती, शुद्धीकरण, पाइपचा व्यास, हे सगळं सिव्हिल आहे आणि ते तुझ्या गावाला लागतं. आणि घराखालची काळी माती! पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल इतक्या भेगा पडतात, वरच्या भिंती तिरक्या तडकतात. तुमच्या भागात अर्ध्या घरांचं दुखणं तेच असतं. त्या मातीत पाया किती खोल न्यायचा, मुरूम किती भरायचा, अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर केलेले जमिनीतले खांब) कधी परवडतात, हे जिओटेकमध्ये, म्हणजे मातीच्या विषयात आहे. पुढच्या वर्षी तो विषय आला की फ्री स्वेलची (माती पाण्यात किती फुगते त्याची) चाचणी घरच्या मातीवर करून बघ. लॅबमधल्या नमुन्याच्या मातीत काही मजा नसते.

राहता राहिलं कॉन्ट्रॅक्टर. त्यावर मी भाषण देणार नाही. वर्गात काय सांगायचं ते तुझं तू ठरव, विसाव्या वर्षी माणूस बरंच काय काय सांगतो. फक्त हे लक्षात घे की या लपवाछपवीत तुझं नुकसान होतंय. वर्गातल्या बहुतेकांना सेंट्रिंग (ओल्या काँक्रीटला धरणारा साचा आणि टेकू) कधी काढतात हे पुस्तकातून पाठ करावं लागतं. तुला ते जेवताना विचारता येतं, आणि नंतर आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) उघडून ताडून बघता येतं. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी, त्याहून मोठ्याचे चौदा दिवसांनी. अण्णा कदाचित जास्त ठेवत असतील, किंवा सेंट्रिंगवाला दुसऱ्या कामाला प्लेटा हव्यात म्हणून लवकर काढत असेल. कुठे आणि का फरक पडतो ते लिहून ठेव. आयएस कोड बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) संकेतस्थळावर नोंदणी करून मोफत उतरवता येतात. झेरॉक्सच्या दुकानातल्या जुन्या आवृत्तीवर पैसे घालवू नकोस.

म्हणून माझा सल्ला असा की परीक्षा संपली की सुट्टीतला एक महिना अण्णांबरोबर साइटवर जा. कुणा ओळखीच्या बिल्डरकडून ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आणायची पद्धत आहे ना, ते कॉलेजला चालतं, पण मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं. एक वही कर. रोज कुठल्या मापाची किती सळई लागली, किती पोती सिमेंट, काँक्रीटमध्ये पाणी मापून टाकलं की अंदाजाने, पाणी किती दिवस मारलं. आकडे काल्पनिक वाटले तरी जसेच्या तसे लिही. मिक्सरवरचा माणूस काँक्रीट सैल व्हावं म्हणून पाइप सोडतो, ते बघितल्यावर वॉटर-सिमेंट रेशोचा आलेख पुन्हा उघड. जमलं तर काँक्रीटचे तीन क्यूब भर, १५० मिलिमीटरचे, कॉलेजच्या लॅबमध्ये २८ दिवसांनी फोड. अण्णांना आपल्या काँक्रीटची खरी ताकद आयुष्यात पहिल्यांदा आकड्यात कळेल. आकडा कमी आला तर जेवण होईपर्यंत थांब आणि मग सांग.

आता पगार. सुरुवातीचा पगार आयटीपेक्षा बहुतेक वेळा कमी असतो. छोट्या कंत्राटदाराकडे तो वेळेवरही मिळत नाही. पाच-सात वर्षांनी ज्याला काम येतं त्याचं बरं चालतं, ज्याने नुसती साइट सांभाळली तो तिथेच राहतो. तुझ्या घराला पहिल्या महिन्यापासून तुझ्या पैशांची गरज असेल तर हे वाक्य पुन्हा वाच आणि मग आयटीचा विचार कर, त्यात कमीपणा काही नाही. ब्रँच बदलायची संधी साधारणपणे दुसऱ्या वर्षात जाताना, पहिल्या वर्षाच्या गुणांवर आणि रिकाम्या जागांवर मिळते. तुझी ती वेळ गेली. पण नव्या अभ्यासक्रमात मल्टिडिसिप्लिनरी मायनर (दुसऱ्या शाखेचे जोडविषय) असतो. तुमच्याकडे कॉम्प्युटर किंवा डेटाचा मायनर घेता येतो का ते विभागात विचार. पायथन जरूर शीक, पण सुरुवात स्वतःच्या कामापासून कर: बीमचा भार आणि लांबी दिली की शिअर-मोमेंट डायग्राम काढणारा छोटा प्रोग्रॅम लिही. तो लिहिताना सॉमही निघेल.

पंचेचाळीस हजारांचा क्लास लावू नकोस. ऑटोकॅड आणि रेव्हिट विद्यार्थ्यांना शैक्षणिक परवान्यावर फुकट मिळतात, एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. ईटॅब्स चौथ्या वर्षी शिकलीस तरी चालेल. ज्याला दोन टेकूंवरच्या बीमचा मोमेंट, डब्ल्यूएल स्क्वेअर बाय एट, हाताने काढता येत नाही, त्याला ईटॅब्स चुकीचं उत्तर रंगीत चित्रासकट देतं.

एमपीएससीवर थोडंच. ती वाईट नाही, पण ती ब्रँच टाळायचा रस्ता नाही, कारण सिव्हिल इंजिनिअरच्या पदांसाठीच्या परीक्षेतही सॉम आहे. गेट (एमटेकच्या प्रवेशाची परीक्षा) तिसऱ्या वर्षापासून देता येते आणि तिचा अभ्यास डिग्रीच्या अभ्यासाच्या अंगावरच होतो, म्हणून आधी ती दे. पुण्यात खोली घेऊन वर्षानुवर्षं अभ्यास करणारी मुलं मी पाहिली आहेत. जायचंच ठरलं तर किती प्रयत्न करायचे ते घरून निघण्याआधी ठरवून, अण्णांना सांगून नीघ.

मुलगी म्हणून साइटवर कसं, हे तू पत्रात नीट विचारलं नाहीस, पण कपड्यांच्या प्रश्नात ते आहे. शकुंतला भगत १९५३ साली मुंबईच्या व्हीजेटीआयमधून सिव्हिल झाल्या, त्या भारतातल्या सुरुवातीच्या महिला सिव्हिल इंजिनिअरांपैकी एक. त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी मिळून कारखान्यात तयार भाग बनवून जोडायचे पोलादी पूल उभे केले. जम्मू-काश्मीरमधला चिनाब नदीवरचा रेल्वेपूल जून २०२५ मध्ये सुरू झाला, नदीच्या तळापासून ३५९ मीटर उंच. त्याच्या पायाखालचा डोंगराचा उतार स्थिर कसा ठेवायचा, यावर बंगळुरूच्या आयआयएससीतल्या प्राध्यापक जी. माधवी लता यांनी सतरा वर्षं सल्लागार म्हणून काम केलं. आतला खडक खोदल्यावर वेगळाच निघायचा आणि डिझाइन तिथल्या तिथे बदलावं लागायचं. त्या आंध्रातल्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याच्या घरातल्या. ही नावं मी अण्णांना सांगण्यासाठी देते आहे, तुला धीर द्यायला नाही. तुझी रोजची अडचण वेगळी असेल: साइटवर बाथरूम नसणं. हे मोठमोठ्या कामांवरही नसतं आणि मुली त्यापायी दिवसभर पाणी पीत नाहीत. असं करू नकोस. शेजारच्या घरात आधी विचारून ठेव, आणि पुढे नोकरीला लागलीस की मुलाखतीतच विचार. विचारायला लाजू नकोस, नाही म्हणणाऱ्याला लाज वाटायला हवी.

तर कपडे. जाड सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पँट. ओढणी अजिबात नको, मिक्सर आणि लिफ्टच्या आसपास ती जीवघेणी असते. वेणी हेल्मेटच्या आत. हेल्मेट स्वतःचं घे, साइटवरची तुटकी नको. पायात चप्पल, सँडल किंवा कॅनव्हास बूट नको, कारण सेंट्रिंगच्या फळ्यांना उलटे खिळे असतात. बोटांवर स्टीलची टोपी असलेले सेफ्टी शूज घे, जिल्ह्याच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. ओलं सिमेंट हाताला लागलं तर लगेच धू, कातडी भाजते आणि संध्याकाळपर्यंत कळत नाही. खिशात पाच मीटरचा टेप, एक मार्कर, वही. आणि अण्णांसाठीही एक हेल्मेट घे. ते घालणार नाहीत म्हणतील, तेव्हा आपल्याला इंजिनिअरने सांगितलंय असं सांग.